तुझ्या खोलीतला कोबी

उझित्से, २७ नोव्हेंबर

प्रिय रोझांदा,

तू आणि नेवेना बऱ्या असाल असं धरून चालते. नेवेना आता अकरा वर्षांची झाली असेल. आईचा खोकला यंदा कमी आहे.

आपली लाकडं जाळायची लोखंडी शेगडी गेली. नगरपालिकेच्या योजनेत परसात एक पंख्याची पेटी बसवली. ती बाहेरच्या गार हवेतूनच ऊब ओढते आणि घरभर नळ्यांतून फिरवते. वीज छपरावरच्या सौरपट्ट्यांची. धूर नाही, राख नाही. शेजारची राडिन्का म्हणाली, "बर्फातून ऊब काढतं म्हणे! मग माझ्या नवऱ्यालाही जोडून बघा जरा."

पेटी बसवणाऱ्या ग्वोझ्देनने आईला बजावलं, "आजी, एकच खोली तापवायचे दिवस गेले. आता सगळी दारं उघडी ठेवायची."

"आणि कोबी कुठे ठेवू? तुझ्या डोक्यावर?"

खारवलेल्या कोबीचं पिंप तुझ्या खोलीत असतं. धुरावलेलं मांस, मिरच्यांच्या बरण्याही तिथेच. तिथे हिवाळाभर श्वासाची वाफ दिसायची. आईने हट्टाने पिंप हलवू दिलं नाही, आणि पंधरा दिवसांत सगळा कोबी लिबलिबीत झाला. तो फेकून, मांस नि बरण्या परसात हलवून, फरशी घासून मी वर बघितलं तर खोली रिकामी आणि उबदार. मला तिथे थांबवेना.

नऊ वर्षांपूर्वी, जानेवारीत, तू घरच्या फोनवर फोन केला होतास. नवऱ्याचं घर सोडलं होतंस, कडेवर दोन वर्षांची नेवेना. मी म्हणाले, "आई नको म्हणते गं. एकच खोली तापते, तिचा खोकला, त्यात लहान मूल." तू "बरं" म्हणालीस आणि नोवी सादला मैत्रिणीकडे गेलीस.

आई असं काही म्हणाली नव्हती. ती मागे लाकडं आणायला गेली होती. तुझा फोन आला हे मी तिला सांगितलंच नाही. ती समजत राहिली की तू आपणहून आम्हाला टाकलंस.

लाकडं भरपूर होती. तुझी खोली तापली असती. पण तू पोर घेऊन आलीस की आईजवळची माझी जागा जाईल, असं मला वाटलं. मला ना नवरा, ना मूल. तेवढीच एक जागा होती. हे स्वतःशी कबूल करायची लाज वाटली, म्हणून थंडीचं नाव पुढे केलं.

परवा आईला सांगितलं. ती बटाटे सोलत होती. सुरी खाली ठेवून म्हणाली, "नऊ वर्षं मी त्या पोरीला शिव्या घातल्या." एवढंच.

पूर्वी हिवाळ्यात आमचं भांडण संध्याकाळपर्यंत टिकायचं नाही. ऊब एकाच खोलीत, रुसून जाणार कुठे? आता ती तुझ्या खोलीत दार लावून बसली आहे. मी ताट दाराशी ठेवते, ती ते रिकामं बाहेर सरकवते.

आज मावशीकडून तुझा नंबर घेतला आणि कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दाराखालून आत सारला. ती फोन करेल. रडेल. तिच्यावर रागावू नकोस, तिने काही केलेलं नाही. राग माझ्यावर काढ. पुढच्या महिन्यात संत निकोलाच्या सणाला आलीस तर दार उघडायला मी पुढे येणार नाही, आई येईल.

तुला नको म्हणणारी, एकटी मीच,
स्तामेना