गळ्याचा रुमाल

ओसाका

आईस, मियोकोचा वाकून नमस्कार.

“आईच्या दुधानं आजवर कुणाचं वाईट झालेलं नाही,” असं तू एकदा म्हणाली होतीस. शेजारच्या तोशिएकाकू शिंपल्यांसाठी समुद्रात बुड्या मारायला जायच्या, तेव्हा त्यांच्या काझुएलाही तूच पाजायचीस. एका मांडीवर ती, दुसरीवर मी.

मी बरी आहे, जेवते, कामावरही जाते. गळ्याला थोडी सूज होती म्हणून तपासून घेतलं. शरीर आपल्याच थायरॉईड ग्रंथीवर उलटलंय म्हणे. रोज सकाळी एक गोळी घ्यायची, एवढंच.

रक्तात एक जुना विषाणूही सापडला. आपल्या बेटांवर तो बऱ्याच जणांत असतो. “त्याच्यामुळे झालं असेलही, पण खात्रीनं सांगता येत नाही,” डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी विचारलं, “आईनं किती वर्षं पाजलं?” मी “तीन” म्हणाले आणि उगाच हसले.

तो बहुतेक दुधातूनच येतो, आई. तुलाही आजीकडून आला असेल. यात दोष कुणाचाच नाही.

तुझ्या गळ्याचा रुमाल उन्हाळ्यातही का सुटत नाही? मागे विचारलं, तर म्हणालीस, “म्हातारीला जरा नटू दे की!”

बेटावरच्या दवाखान्यात रक्त काढायला काझुएच असते, तूच पाजलेली. म्हणूनच तू जाणार नाहीस, हे मला ठाऊक आहे. तरी सोमवारी जा. रुमाल सोड, बाही वर कर, आणि तिला सांग, “पोरी, तुझंही तपासून घे.”

तुझी,
मियोको