पश्चात्तापाची शिकवणी

सोमवार, ६ ऑक्टोबर
इनास परत आली! एकेकाळी माझ्या हाताखाली पोरांची नाकं पुसायची, आता मानसशास्त्राची डॉक्टर झालीय. माझ्याच शाळेत, खुद्द माझ्या वर्गात बसून चार वर्षांच्या पोरांचा अपराधीपणा मोजते म्हणे! हातात बाहुली देते— "जपून हं, माझी फार लाडकी आहे." बाहुलीचा हात मुद्दाम सैल चिकटवलेला. तो निखळला की पोर काय करतं ते कॅमेरा टिपतो. मान खाली घातली, गुण. कबूल केलं, गुण. मग बाहुलीचा हात परत चिकटवून "तुझी चूक नव्हती गं" म्हणते.

निवृत्त होईपर्यंत चौतीस वर्षं मी हे नुसत्या नजरेनं ओळखलं. मला कुणी पदवी दिली?

मंगळवार, ७
सगळ्या आया तिच्याभोवती. "डॉक्टर, आमच्याकडे जेवायला या ना!" आणि नातीला न्यायला गेलेल्या मला दरवान म्हणतो, "हाज्जा, सावलीत बसा." हाज्जा! हजला जाऊन आलेली म्हातारी वाटले मी? गळ्यातला क्रूस दिसत नाही मेल्याला.

बुधवार, ८
उद्या आमच्या मारीहानची पाळी. अलेक्झांड्रियात पहिलीच्या पोरालाही शिकवणी लावतात, मग या तेतानं, आजीनं, आपल्या नातीला का लावू नये? इनासला दिसू दे, संस्कार म्हणजे काय! "हात निघाला की मान खाली. मग म्हणायचं, मी मोडला." तीनदा सराव घेतला. तिसऱ्यांदा पोर हमसून हमसून रडली— "तेता, बाहुलीला दुखेल!"

"अगं, तो आधीच सैल करून ठेवलाय!" बोलून गेले.

गुरुवार, ९
व्हायचं तेच झालं. भर अंगणात, सगळ्या आयांसमोर इनास म्हणाली, "मादाम, मारीहान सांगते की हात सैल असतो हे तुम्ही तिला सांगितलंत?"

"पोरं वाटेल ते रचतात," मी म्हणाले.

मारीहाननं माझ्याकडे पाहिलं. मग इनासला म्हणाली, "मीच रचलं."

एक बाई पुटपुटली, "एवढीशी, आणि केवढी खोटारडी!"

शुक्रवार, १०
इनासचा फोन. "मादाम, मुलांना पारखायला तुमच्यासारखी नजर नाही. सोमवारपासून माझ्याबरोबर बसाल?" ताबडतोब हो म्हटलं! केक केला. मारीहानला तिच्या आईनं खोटं बोलल्याची शिक्षा म्हणून दिला नाही. मी दोन तुकडे खाल्ले.

शनिवार, ११
मारीहानला विचारलं, का गं तसं म्हणालीस?

"सगळ्या तुझ्याकडे बघत होत्या ना, तेता."

सोमवारी जाणार. आधी अंगणात, सगळ्या आयांसमोर, खरं सांगणार. मग इनासनं बसवून घेतलं तर घेतलं.