पाणचक्कीच्या वर

तूयसरकान,
७ तीर १३७६

चि. ईरज यास थोरल्या बहिणीचे, आबजी मलीहेचे भरभरून आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. उत्तराला उशीर झाला, कारण शाळेतून निवृत्त झाल्यापासून मला अजिबात वेळ नसतो. हसू नकोस. चौतीस वर्षं मुलींना नकाशावर डोंगर दाखवले, आता म्हटलं आपण चढून तरी बघावेत. उन्हाळा लागल्यापासून दर शुक्रवारी सकाळी निघतो आणि दिवेलागणीच्या आत घरी येतो. मंडळी म्हणशील तर मी, शेजारची तूरान-खानूम आणि आपले थोरले भाऊ, खानदादाश. तूरान-खानूम तुला आठवत असेल, दवाखान्यात सुया टोचून टोचून अख्ख्या गावाचे दंड तिने चाळण करून ठेवलेत. ती पाठीला किटली, पातेलं आणि पेले बांधून निघते. चालायला लागली की भांड्यांचं दुकान निघाल्यासारखं वाटतं.

काल पाणचक्कीवरून वर जर्दाळूच्या बागांपर्यंत गेलो. वाटेत सफर खाटीक भेटला. दोन वर्षांपूर्वी त्याने म्हातारा मेंढा कोकरू म्हणून गळ्यात मारला, तेव्हापासून खानदादाश त्याच्या दुकानावरून जाताना मान फिरवतात. पण बाबांचा नियम तुला ठाऊक आहे: पाणचक्कीच्या वर भांडण न्यायचं नाही, आणि डोंगरात जो भेटेल त्याला ‘थकू नका’ म्हटल्याशिवाय पुढे पाऊल टाकायचं नाही. दोघे थांबले. ‘थकू नका’ झालं, सफरने काकड्या कापल्या, आमच्या पनीर-रोटीत तो जेवला, मेंढ्यांच्या गोष्टी झाल्या. संध्याकाळी उतरताना पाणचक्की आली आणि दोघांनी पुन्हा माना फिरवल्या. मी आणि तूरान-खानूम ओढणीत तोंड लपवून हसलो.

तुझं नाव घरात निघत नाही. पण तुझं पत्र आलं की खानदादाश खिडकीबाहेर बघत हवेला विचारतात की बंदरची हवा कशी आहे. मग मीही हवेला सांगते, गरम आहे.

बाकी घरी सगळे मजेत. खानदादाशही मजेत. काळजी करू नकोस, खरंच सगळे मजेत.

लोभ आहेच, तो तिकडच्या उन्हात वाळू देऊ नकोस.

तुझी,
मलीहे

*

बंदर अब्बास,
१८ तीर १३७६

ती. आबजीस ईरजचा सप्रेम सलाम, वि. वि.

तू थंड झऱ्यांबद्दल लिहितेस आणि मी ते पत्र पंख्याखाली ओल्या टॉवेलात बसून वाचतो. हा छळ आहे. काल धक्क्यावर एका खलाशाने जहाजाच्या पत्र्यावर अंडं फोडलं आणि ते शिजलं. आम्ही सगळे बघत उभे होतो, कारण दुसरं काही करण्याची ताकद कुणात नव्हती.

सफर खाटकाची गोष्ट मी ऑफिसात सगळ्यांना वाचून दाखवली. पण आबजी, शेवटच्या चार ओळींत तू तीनदा ‘मजेत’ लिहिलंस. आपल्या घरात सगळे एकदा मजेत असतील तर खरंच मजेत असतात. तीनदा असतील तर कुणीतरी आजारी असतं.

हे मी कुठे शिकलो ते तुला माहीत आहे, तरी आज लिहितोच. नऊ वर्षांपूर्वी तार आली होती: आई थोडी नरम, सवडीने ये. मी सवडीने आलो. इस्फहानला बस बदलताना तिच्यासाठी गझचा डबा घेतला. तिला दात नव्हते म्हणून मिठाईवाल्याकडून मुद्दाम मऊ निवडून घेतला. आपल्या गल्लीत वळलो तर दारावर काळं कापड. तिला जाऊन तीन दिवस झाले होते, माती देऊन झाली होती. गावचे तारमास्तर खानदादाश, म्हणजे ती तार त्यांनी स्वतःच्या बोटांनी ठोकली. कितीदा ठरवलं की आता पुरे, माणूस म्हातारा झाला, सोडून द्यावं. पण कुठे गझचं दुकान दिसलं की राग पुन्हा पहिल्यापासून येतो.

तेव्हा काय लपवते आहेस ते उलट टपाली लिही. मी बावन्न वर्षांचा आहे, बातमी ऐकून मरणार नाही.

तुझ्या मायेची वाट बघणारा,
ईरज

*

तूयसरकान,
२८ तीर १३७६

चि. ईरज यास अनेक आशीर्वाद, आणि सोबत एक कानपिचकी, वि. वि.

पकडलंस. शाळेत असताना तू स्वतः काही लपवलंस की असाच पकडला जायचास, म्हणून राग येत नाही.

खानदादाशांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. वर्षभर कुणाला कळू दिलं नाही. पेपर उघडून बसायचे, पानंही उलटायचे. एक दिवस मी पाहिलं, पेपर उलटा होता. शहरीवर महिन्यात हमदानच्या डॉक्टरांकडे ऑपरेशन ठरलंय. मी तुला लिहू नये अशी त्यांनी शपथ घातली होती. ती मी पाणचक्कीच्या वर मोडते आहे, म्हणजे दोष लागणार नाही. हे पत्र बागेत बसून लिहितेय.

डोंगरात मात्र ते जातात. तूरान-खानूम पुढे चालते आणि ते किटलीच्या आवाजामागे. आम्ही कुणी त्याबद्दल बोलत नाही, तीही आता झाकण मुद्दाम सैल ठेवते. काल धबधब्याकडे गेलो तेव्हा वाटेत एका धनगराने आपला नमद्याचा, दाबलेल्या लोकरीचा झगा उभा करून ठेवला होता. तो जाड झगा माणसासारखा ताठ उभा राहतो. खानदादाशांनी थांबून त्याला ‘थकू नका’ म्हटलं. उत्तर नाही. पुन्हा म्हटलं. मग घरी येईपर्यंत आजकालच्या धनगरांना रीतभात उरली नाही यावर आम्हाला भाषण. तूरान-खानूमने इतकं हसू दाबलं की तिला उचकी लागली.

आता राग धरू नकोस, पण एक सांगते. लांबच्या माणसाला अशी बातमी एकदम सांगू नये, प्रवासात त्याचं काही बरंवाईट होईल, असंच आपल्याकडे सगळे करतात. त्या दिवशी मीही घरात होते. मी कुठे म्हणाले की खरं लिहा? तुझा राग अर्धा माझा आहे, आणि नऊ वर्षं तू तो सगळा खानदादाशांच्याच खात्यावर ठेवलास. मला पत्रं आली, आशीर्वाद मागितलेस, ईदला ओढण्या पाठवल्यास. त्यांना काहीच नाही.

डॉक्टर म्हणतात ऑपरेशननंतर वर्षभर चढण बंद. खानदादाशांचं वय सदुसष्ट. ते म्हणतात यंदा खिंडीतल्या आईच्या झऱ्यावर एकदा जाऊन येऊ, जिथे ती आपल्याला रानपुदिना खुडायला न्यायची. शुक्रवार, २४ मोरदाद ठरवलाय. पुढे जमेल असं त्यांना वाटत नाही, मलाही नाही.

तुझी चिंता आणि तुझा अभिमान, दोन्ही वाहणारी,
मलीहे

*

बंदर अब्बास,
७ मोरदाद १३७६

ती. आबजीस सलाम, वि. वि.

पत्र मिळालं. दोनदा वाचलं. अर्धा राग तुझा आहे हे मला सुचलं नव्हतं, आणि सुचल्यावरही तुझ्यावर रागवता येत नाही, हे फार अवघड झालं.

हमदानच्या बाजूने खिंडीत चढायला किती वेळ लागतो? मी लहानपणी तिकडून कधी आलो नाही. आणि तुम्ही २४ तारखेला साधारण किती वाजता झऱ्यावर असाल? सहज विचारतो. ऑफिसात पैज लागली आहे.

लोभ वाढावा, प्रश्न वाढवू नयेत.

ईरज

*

तूयसरकान,
१२ मोरदाद १३७६

चि. ईरज यास आशीर्वाद, वि. वि.

सहज विचारलंस म्हणून सहज सांगते. हमदानकडून पहाटे निघालेला, पोट सुटलेला, बंदरात राहून मऊ पडलेला माणूस साडेपाच-सहा तासांत खिंडीत पोचतो. आम्ही अकराच्या सुमारास झऱ्यावर असू.

आम्ही म्हणजे ते दोघेच. परवाच्या शुक्रवारी मी ओढ्यातल्या दगडावरून घसरले आणि घोटा भोपळ्याएवढा झाला. भूगोलाची बाई साध्या ओढ्यात पडली म्हणून गावभर कौतुक चाललंय. मी खिडकीत पाय उशीवर ठेवून बसणार आहे. काय घडलं ते मला कुणीतरी नीट सविस्तर लिहायला हवं, तूरान-खानूमच्या भरवशावर राहिले तर सगळी गोष्ट किटलीचीच होईल.

खानदादाशांना मी काहीही सांगितलेलं नाही. या घरात लपवायची सवय आहेच, एकदा चांगल्या कामाला लागू दे.

टोपी घालून निघ. पैज जिंक.

मलीहे

*

हमदानच्या बसस्टँडवरून,
२४ मोरदाद १३७६

ती. आबजीस ईरजचा सलाम, वि. वि.

बसला दोन तास आहेत. रजा तीनच दिवसांची मिळाली, त्यात दोन बसमध्येच जातात. म्हणून आल्या वाटेने परत उतरलो. तुझ्या दाराशी न येता गेलो याबद्दल शिव्या घालशील, त्या पोचल्या असं समज.

मी पावणेअकराला खिंडीत होतो. चढ संपला होता, भीती मात्र नाही. म्हटलं, मी दिसल्यावर ते तसेच परत फिरले तर त्या बिचाऱ्यांना पुन्हा सगळा उतार आंधळ्यासारखा उतरावा लागेल. मग खालून किटलीचा आवाज आला. तूरान-खानूमने मला ओळखलं. तिने तोंड उघडलं तेवढ्यात मी ओठांवर बोट ठेवलं, आणि माझ्या माहितीप्रमाणे ती आयुष्यात पहिल्यांदा गप्प बसली.

खानदादाश केवढे वाळलेत. मी थोडा खाली चालत जाऊन त्यांच्या वाटेत उभा राहिलो. ते थांबले, माझ्या दिशेला मान केली आणि म्हणाले, “थकू नका.”

नऊ वर्षांनी पहिला शब्द, आणि तोही ‘नका’. एखाद्या परक्या वाटसरूला म्हणावं तसं. मला वाटलं, उन्हात त्यांना माझा आकारच दिसत असणार, दुसरं काही नाही. मी म्हणालो, “तुम्हीही थकू नका, खानदादाश.”

तूरान-खानूम तिकडे सरपणाशी उगाच खुडबुड करत होती. मग खानदादाशांनी काठी डाव्या हातात घेतली, उजव्या हाताने माझा खांदा चाचपला आणि म्हणाले, “थकू नकोस.”

एवढंच. मग आम्ही झऱ्याकाठी बसलो. चहा झाला. तो खरोखर उत्तम होता, तूरान-खानूमला सांग. मी पिशवीतून गझचा डबा काढला. इस्फहानला उतरून घेतला होता, नऊ वर्षांनी पहिल्यांदा. त्यांनी बोटांनी चाचपून विचारलं की मऊ आहे का. मी म्हटलं मऊच आणलाय. त्यांनी एक खाल्ला, मग दुसरा, आणि बराच वेळ चावत बसले. माझ्या बुटांची चौकशी केली, बंदरच्या हवेची केली. या वेळी हवेला नाही, मला विचारलं. आईचं नाव मात्र दोघांपैकी कुणीच काढलं नाही. माझ्या तोंडाशी आलं होतं, पण चहा इतका छान लागत होता की मी ते गिळलं.

निघताना त्यांनी कोटाच्या खिशातून हिरवे अक्रोड काढून माझ्या हातात कोंबले. साल सोलून सोलून माझी बोटं काळी झालीत, तोच रंग या कागदाला लागलाय. परवा ऑफिसात साहेब विचारतील तेव्हा काय सांगू ते सुचव.

घोट्याला जप. तुझ्या कटाचा ऋणी,
ईरज

*

तूयसरकान,
१९ शहरीवर १३७६

चि. ईरज यास खानदादाश नुसरतचे आशीर्वाद, वि. वि.

उजवा डोळा उघडला. डावा पुढच्या महिन्यात. हे पत्र मी स्वतः लिहितोय, मलीहेने सांगितलेलं नाही आणि तिला वाचूनही दाखवलेलं नाही. ती दाराआडून डोकावते आहे. आता मला ते दिसतं, हे तिच्या लक्षात आलेलं नाही. घोटा बरा आहे तिचा.

पट्टी सुटल्यावर पहिल्यांदा आरशात बघितलं आणि कोण हा म्हातारा असं विचारलं. नर्स हसली. डॉक्टर म्हणतात डोंगर वर्षभर बंद. मी म्हटलं वर्ष लगेच जाईल.

आता त्या दिवसाचं. मलीहेने तुझं पत्र वाचून दाखवलं. तुला वाटलं मला दिसलं नाही म्हणून मी ‘नका’ म्हणालो. दिसलं नाही हे खरं. पण मी बेचाळीस वर्षं तारेची टिकटिक ऐकण्यात घालवली आहेत. तू लहानपणापासून डावा पाय घासत चालतोस, आई त्यावरून तुला ओरडायची. पन्नास पावलांवरून कळलं की तू आहेस. ‘नकोस’ म्हणायचा हक्क मला उरलाय की नाही हे मात्र कळत नव्हतं. म्हणून ‘नका’ म्हणून बघितलं. तू ‘खानदादाश’ म्हणालास तेव्हा कळलं.

या गावातल्या किती घरांच्या मरणाच्या बातम्या मी ठोकल्या. हात कधी अडखळला नाही. आपल्या घरची आली तेव्हा यंत्रासमोर बसलो आणि खरं ठोकता येईना. तुझा प्रवास, तुझं मन, असं मी सगळ्यांना सांगत आलो. ते अर्धंच खरं. ‘आई गेली’ हे ठोकलं असतं तर ती खरंच गेली असती. मला आणखी दोन दिवस ते नको होतं. त्यासाठी मी तुझे तीन दिवस घेतले. ते परत देता येत नाहीत.

ती पहाटे गेली. रात्रभर शुद्धीवर होती, दुखत नव्हतं. पहाटे म्हणाली की ईरजला लिही, येताना ऊन टाळून ये म्हणावं. मग पाणी मागितलं. मी पेला घेऊन आलो तोवर संपलं होतं. हे तुला आजवर कुणी सांगितलेलं नाही, कारण खोलीत मी एकटाच होतो.

तार आता कुणी पाठवत नाही, आणि मीही निवृत्त आहे. तरी त्या दिवशी जी पाठवायला हवी होती ती आज लिहितो. तू तेव्हाच मिळाली असं समजून वाच.

आई आज पहाटे गेली. तुझं नाव घेतलं. तुझ्यासाठी थांबलो आहोत. लगेच निघ. नुसरत.

पत्र पोचल्याचं कळव. पुढच्या उन्हाळ्यात पाणचक्कीच्या वर नको, घरीच ये.