दाराआडचं हसू

निगडी,
२१ जून २०२५

ती. इंदुताई,

नमस्कार. गुडघ्याला तेल लावतेस, की बाटली नुसती खिडकीत ऊन खातेय? लोणचं पोचलं. मीठ किंचित जास्त झालंय, पण तू विचारलं नाहीस.

वरच्या खोलीला रंग लावून झाल्याचं तू दोनदा कळवलंस. त्याबद्दल पुढे लिहिते. आधी शाळेचं.

चाकणजवळच्या आमच्या दोन शिक्षकी शाळेचा पट घसरत चौदावर आला होता. गावातली मुलं सकाळी पिवळ्या गाड्यांत बसून इंग्रजी शाळेत जातात. जूनमध्येही पट विसाच्या आत राहिला तर शाळा हायवेपलीकडच्या शाळेत मिसळणार, असं वरून कळलं होतं. तो हायवे पहिलीतली मुलं ओलांडणार कशी, हे कुणी बोललं नाही.

मे महिन्यात सयाजी सर आणि मी कंपन्यांमागच्या चाळी पालथ्या घातल्या. रोज सकाळी दहाला. दारं बंद, आत चिडीचूप. "मॅडम, नुसती सडी माणसं राहतात इथं," सर म्हणाले आणि मलाही ते पटलं. त्याच संध्याकाळी मी तुला फोनवर म्हणाले, शाळा बंद झाली की नोकरी सोडून तुझ्याकडे येते.

पण दोन दिवसांनी सरांचा पाय कुणाच्या तरी भरलेल्या बादलीत गेला आणि ते बादलीसकट आडवे झाले. ताई, सगळ्या बंद दारांआडून एकदम हसू फुटलं! लहान मुलांचं. खोल्यांची ओळच्या ओळ खिदळत होती.

एक दार किलकिलं झालं. परभणीच्या यशोदाबाई, ओठांवर बोट ठेवून. "हळू ओ बाई! मालक नाईट करून आत्ता टेकलेत. लेकरं गप ठेवता ठेवता जीव जातो माझा, आन् तुम्ही इथं तमाशा लावलाय!"

"मालकच हसतायत की आतून," चिंब भिजलेले सर म्हणाले.

मग त्याही हसल्या. "चारला या. पहिली शिफ्ट सुटली की समदे जागे असतेत."

चारला गेलो तर तीच चाळ ओळखू येईना. परभणीची, बीडची, बिहारची, ओडिशाची मुलं आमच्याभोवती. सोमवारी शाळा उघडली तेव्हा वर्गात एकतीस जण होते. नव्यांत गावातला एकटा ज्ञानेश. बाकी सगळी दुरून आलेली.

बिहारची करिष्मा माझ्या कानात हिंदीत बोलते. कॉन्व्हेंटमध्ये मराठी बोलले की मला व्हरांड्यात उभं करायचे, आणि तू मुद्दाम मराठीत ओरडून माझ्याशेजारी येऊन उभी राहायचीस. आठवतं? करिष्माला कुणी उभं करत नाही. यशोदाबाईंची दिव्या तिला मराठी शब्द सांगते आणि चुकली की खुशाल हसते.

काल कळलं, शाळा राहिली. कितीतरी दिवसांनी गाढ झोपले.

आता खोलीचं. रंग फिकट निळा, आपल्या युनिफॉर्मचा, असं तू म्हणालीस तेव्हा मी घाईनं फोन ठेवला. ताई, मी येत नाहीये. निवृत्तीला अजून दोन वर्षं आहेत. शाळा राहिल्याच्या आनंदात तुझ्याकडे येणं हुकल्याचं दुःख मला आधी सापडेचना. मग तू एकटीच जेवायला बसलेली डोळ्यांसमोर आलीस, आणि सापडलं.

दिवाळीची सगळी सुट्टी तुझी. तोवर खोली रिकामी ठेवू नकोस. कॉलेजच्या मुलींना दे. मोठ्यानं हसणाऱ्या बघून दे.

व्हरांड्यात तुझ्याशेजारी उभी असलेली,
अरू