फक्त चार सायटेशन

मंगळवार, संध्याकाळ

आज बढतीची मुलाखत झाली. कापड विणणाऱ्या लूमच्या खडखडाटाने कामगारांच्या मेंदूचं काय होतं, यावर मी सहा वर्षं घालवली. समितीचे अध्यक्ष पान उलटून म्हणाले, "मॅडम, सायटेशन फक्त चार?"

चार! म्हणजे माझ्या कामाचा दाखला फक्त चार पेपरांत, आणि त्यातले दोन माझेच, हे त्यांना दिसलं नाही हे नशीब.

बाहेर विभागप्रमुखांनी बाजूला घेतलं. "पुढच्या पेपरवर माझं नाव घाला. माझे विद्यार्थी तुमचे पेपर सायट करतील. चाराचे चाळीस होतील."

मी सरळ नाही म्हणाले. तत्त्व वगैरे काही नाही, नुसती चीड. बमरोलीच्या कारखान्यांत लूमशेजारी उभी राहून मी मोजमापं घेत होते, तेव्हा हे कुठे होते? त्यांचं तोंड उतरलं आणि बढती गेली, हे तिथेच कळलं.

नवागामला घरी आले. माझ्या वडिलांची, आबांची, तीस वर्षं लूमवर गेली आणि कानही तिथेच गेले, त्यांच्याशी ओरडूनच बोलावं लागतं.

"काय व्हयनं, माय?"

"बढती नाही मिळाली!"

"मिळाली?" ते केवढे हसले.

मी पुन्हा ओरडले, अगदी घसा फाटेपर्यंत. शेजारच्या तिन्ही घरांतली माणसं दारात आली. आबा मात्र चपला घालून पेढे आणायला निघाले होते.