तीन नंबरची गाडी

४ फेब्रुवारी
लागले बाई एकदाची नोकरीला! स्टेशन इवलंसं: दोन फलाट, मधे पूल, एक तिकीटखिडकी. सकाळ-संध्याकाळ नोकरदारांची झुंबड, दुपारी शुकशुकाट. फलाटाच्या टोकाला माझी काचेची खोली. तिथे बसून माइकवर गाड्यांच्या घोषणा करायच्या. मास्तर म्हणाले, आवाज गोड आहे, फक्त गाडी उशिरा असल्याचं इतक्या आनंदाने सांगू नका! आमची भाड्याची खोली पुलापलीकडेच. दुपारी आई डबा घेऊन आली आणि बाकावर बसून शेजारच्या बाईला सांगत सुटली, हा आवाज आमच्या मुलीचा बरं का. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

९ फेब्रुवारी
काम अंगवळणी पडलं. पुलाला तिसरा जिना आहे, तोंडाशी पत्रा ठोकलेला. तिकीटखिडकीवरच्या काकांना विचारलं. तिसरा फलाट होणार होता, राहून गेला. खाली नुसती झुडपं, म्हणाले. माझ्या आधीची बाई का गेली, हे विचारल्यावर मात्र त्यांना एकदम तहान लागली. उठून गेले ते आलेच नाहीत.

१३ फेब्रुवारी
आज विचित्रच झालं. दुपारी माइक बंद करून जेवायला बसले, तर भोंग्यातून माझाच आवाज. तीन नंबरवर गाडी येत आहे. हुबेहूब मी; वाक्य संपवून श्वास घ्यायची माझी लकबसुद्धा. बटण पाहिलं, बंदच होतं. मास्तर म्हणतात, जुनं रेकॉर्डिंग लागलं असेल. पण तीन नंबर हे शब्द मी कधी उच्चारलेच नाहीत.

१५ फेब्रुवारी
पुन्हा तोच आवाज. या वेळी बाकावर बसलेला शिंपी उठला. शिवलेले कपडे पोचवायला दुपारच्या गाडीने जायचा, जाताना मला हात करायचा. तो पूल चढला. तिसऱ्या जिन्यावर पत्रा नव्हता. ओळखीच्या कुणी बोलावल्यासारखा मान डोलावत तो उतरला. मी धावत गेले. पत्रा जागच्या जागी, खिळे गंजलेले. पुढ्यात कपड्यांचं गाठोडं. इस्त्रीची ऊब अजून होती.

१६ फेब्रुवारी
शिंप्याची बायको येऊन बसली होती. मास्तर तिला म्हणत होते, येईल हो, जाणार कुठे. झुडपं धुंडाळली. काही नाही. काकांना पाहिलं ते सगळं सांगितलं, तशी त्यांनी मला बाजूला घेतलं. पोरी, ही नोकरी सोड, म्हणाले. तुझ्या आधीचीही हेच सांगत होती, आम्ही हसलो.
आईला बजावलं, स्टेशनकडे फिरकू नकोस. ती हिरमुसली. म्हणाली, दुपारी तेवढाच तुझा आवाज कानावर पडतो.

१७ फेब्रुवारी
राजीनामा दिला. संध्याकाळपर्यंत थांबा, म्हणाले मास्तर. माइकची वायर उपटून टाकली—

नंतर.
आई आली होती. नको म्हटलं होतं, तरी. पुलावर होती तेव्हा भोंगा बोलला. माझ्या आवाजात. आई, इकडे, या जिन्याने. मी काच बडवली, घसा फोडून हाका मारल्या. तिने वळून पाहिलं. माझ्याकडे. मग भोंग्याकडे. आणि हसली. तिला तोच आवाज माझा वाटला.

१८ फेब्रुवारी
पोलीस येऊन गेले. पत्रा उचकटला. खाली झुडपं. पत्रा पुन्हा ठोकून गेले. काका म्हणतात, माझ्या घरी चल. मी इथेच बसले आहे. ती परत आली तर—

दुपार.
भोंगा. या वेळी माझा आवाज नाही.
आई.
पिल्लू, म्हणते. मी तापाने फणफणायचे तेव्हाच म्हणायची.
ही ती नाही. मला कळतंय. कळतंय.
रडतेय ती. इथे काहीच दिसत नाही गं, पिल्लू. हात दे.
पत्रा दिसत नाहीये. उतरणार नाही मी. वरच्या पायरीवरूनच, नुसता हात—