दोन काळ्या रेघा

१८ नोव्हेंबर १९६७

आज कचेरीत एक गोरा आला — लुंगी नेसून! शिरगावच्या नवशाने परवा त्याला समुद्रातून आपल्या बोटीत ओढून घेतलं. बरोबर फौजदार, मागे नवशा आणि त्याची बायको जमना. मामलेदार रावसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. पालघर कचेरीत इंग्रजी टाइप करणारी मी एकटी, म्हणून बोलणारीही मीच. काय ते माझं इंग्रजी!

नाव मिक्लोश. छप्पन सालचा उठाव चिरडला तेव्हा हंगेरीतून पळाला, तेव्हापासून जहाजावर खलाशी. जहाज पुढे ज्या बंदराला लागणार तिथून आपल्याला मायदेशी धाडतील असं कळलं, म्हणून उडी मारली. तिकडे त्याच्या भावाला फाशी झाली आहे. हे सांगताना त्याचा आवाज हलला नाही, माझाच हलला.

"कागदपत्रं?" फौजदारांनी विचारलं.

निर्वासिताचा पासपोर्ट होता. छोटी वही, कोटाच्या आतल्या खिशात. मग कोट कुठे?

जमना म्हणाली, "दर्यात."

१९ नोव्हेंबर

नवशाच्या घराण्यातली रीत — समुद्रातून वाचलेल्या माणसाचे अंगावरचे कपडे समुद्राला परत करायचे. नाहीतर समुद्र माणूस परत मागायला येतो म्हणे! जमनेने कोटात दगड बांधून भरतीच्या पाण्यात सोडला. "मानूस ठेवला ना आमी? मंग कापडं त्याची त्याला." झालं! त्याला वाचवायला गेली आणि त्याची ओळखच बुडवून आली.

फौजदार ऐकेनात. तिकडे तारापूरला अणुवीज केंद्र उभं राहतंय आणि बिनकागदाचा परदेशी इथे सापडतो! त्याच्या वकिलातीच्या ताब्यात द्या म्हणतात. म्हणजे परत मायदेशी. म्हणजे भावाच्या वाटेने.

तूर्त तो नवशाच्याच घरी आहे. दाराशी शिपाई.

२१ नोव्हेंबर

रावसाहेब म्हणाले, "वत्सलाबाई, निर्वासितांना परत न धाडण्याचा जो जिनिव्हाचा करार, त्यावर आपल्या देशाची सहीच नाही. तिथे काय वाट्टेल ते ठरो."

"मग तिबेटी लोकांना कसं ठेवून घेतलं?" — फटकन बोलून गेले! नोकरी गेली असं वाटलं.

रावसाहेबांनी फाइल चाळली. मग म्हणाले, "ते दिल्लीने ठरवलं. मी दिल्ली नाही. पण तो पासपोर्ट खरंच होता असा एखादा पुरावा आणा, मी मुंबईला लिहितो. शनिवारपर्यंत थांबेन." त्यांना मी आजवर नुसता दगड समजत होते. चुकले.

संध्याकाळी शिरगावला निरोप धाडला.

२५ नोव्हेंबर, शनिवार

जमना आली! शिरगावहून पायी, घामाने निथळत. फौजदारांसमोर सरळ उभी राहिली.

"सायेब, त्या वयीच्या कोपऱ्यात दोन काळ्या रेघा व्हत्या. तिरक्या." टेबलावर बोटाने काढूनही दाखवल्या.

रावसाहेबांनी कपाटातून एक जुनं परिपत्रक काढलं. त्यात लिहिलं होतं — निर्वासितांच्या पासपोर्टच्या डाव्या कोपऱ्यात दोन तिरक्या काळ्या पट्ट्या. फौजदारांनी स्वतः वाचलं, मग पुन्हा वाचलं.

"तू पाहिल्यास?"

"न बघता मला कसं ठाव असंल, सायेब?"

अक्षरओळख नाही त्या बाईला. तिला हे कोण शिकवणार! फौजदारांनी जबाब घ्यायला सांगितलं. मी जबाब टाइप केला — 'वहीवरील दोन रेघा मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्या.' वाचून दाखवला. तिने क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि अंगठा उठवला.

जाताना म्हणाली, "माज्या हातनं गेलं, बाय. मीच आनाया नको?" मी असते तर घरात तोंड लपवून बसले असते.

२९ नोव्हेंबर

मुंबईहून काही नाही.

९ डिसेंबर

आलं! जमनेच्या जबाबामुळे मुंबईच्या साहेबांनी जिनिव्हाच्या निर्वासित कचेरीला तार केली होती. तिथल्या नोंदीत मिक्लोशचं नाव आहे, पासपोर्ट दिल्याची तारीखही आहे. घेणारा देश मिळेपर्यंत त्याला इथेच राहू द्यायचं. करारावर सही नाही, तरीही! रावसाहेबांनी पत्र मोठ्याने वाचलं आणि चष्मा पुसत बसले. मला रडूच आलं. कुठे जिनिव्हा, कुठे दिल्ली, आणि मध्ये एका मासेवालीचा अंगठा!

१२ डिसेंबर

बाजारात जमना भेटली. पाटीपाशी बसून मी तिचं कौतुक करत राहिले — बरं झालं ती वही तुम्ही पाहिलीत.

आजूबाजूला नजर टाकून ती हळूच म्हणाली, "मी कुटं पायली? दुसऱ्याच्या खिशात हात घालीन का मी? त्यानं वाळूत काडून दाखवल्या. त्याच बघितल्या."

कचेरीत त्या जबाबाखाली माझी सही आहे — 'समक्ष वाचून दाखवले, बरोबर आहे.'

मी बोंबील घेतले आणि घरी आले.